गांवचा हंगाम आणि पैशाचा भाव

रिझर्व्ह बँकेनें व्याजाचा दर पाव टक्का उतरविला किंवा चढविला, अशी बातमी वर्तमानपत्रांतून वरचेवर येते. शहरांतील घरकर्जवाला ती वाचून लगेच हिशेबास बसतो. शेतकरी मात्र ती वाचतो व पान उलटतो. कारण त्याच्या सोसायटीच्या खातेपुस्तकांतील दर तिळभर हललेला त्यास दिसत नाहीं. ही बातमी आपल्या कामाची नव्हे, असा त्याचा समज त्यामुळें दृढ झाला आहे. तो समज अर्धा खरा व अर्धा घातक आहे असें आमचें मत आहे. यास्तव पैशाची गरज, पैशाचा भाव व तो भाव ठरविणारी सत्ता, या तिहींचा संबंध लहान मुलुखांत कसा असतो, तें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्हीं खारदांडा हें गांव घेतों. मुंबई उपनगरांत, वांद्रें व जुहू यांच्या दरम्यान, समुद्राच्या कांठीं असलेलें हें कोळी लोकांचें जुनें गांव होय. शेतकऱ्यांच्या मासिकांत मासळीच्या गांवाचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, एप्रिल २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय केला. तेव्हां दर्यांत नांगर टाकणारा व जमिनींत नांगर धरणारा हे आतां कागदोपत्रींही भाऊबंद झाले आहेत. शिवाय भाताच्या गांवांत शंभर व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात. मासळीवर पोट असलेल्या घराचा व्यवहार एका हंगामावर चालतो, म्हणून पैशाची चाल तेथें उघडी दिसते. दांड्यांतील पुष्कळ मंडळी आतां नोकरीचाकरीवर आहेत हें आम्हांस माहीत आहे. आमचें बोलणें ज्यांची होडी अद्याप पाण्यांत जाते त्यांच्याविषयीं आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पैशाची मागणी’ म्हणजे श्रीमंत होण्याची इच्छा नव्हे. ती तर सर्वांसच असते. ती कर्जाची मागणीही नव्हे. माणसाची जी एकंदर मालमत्ता असते, म्हणजे जमीन, होडी, गुरें, दागिने, कणगींतील भात, तींपैकीं किती भाग तो रोकडीच्या किंवा हवी तेव्हां काढतां येणाऱ्या ठेवीच्या रूपानें जवळ बाळगूं इच्छितो, त्यास अर्थशास्त्रांत पैशाची मागणी म्हणतात. पेटींतील नोटेस व्याज सुटत नाहीं, तरी माणूस ती पेटींत ठेवितो. कां? रोजची देवघेव करावयाची असते. आजारपण, तुफान, इंजिनाचा बिघाड अशा अकल्पित प्रसंगाची धास्ती असते. आणि कधीं कधीं आज माल किंवा रोखे घेण्यापेक्षां उद्यां घेतलेले बरे, असा त्याचा अंदाज असतो. हें तिहेरी वर्गीकरण केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडलें; पण जत्रेस निघतांना पदराच्या गांठीस दोन रुपये जास्त बांधणाऱ्या आपल्या आज्यांस तें ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल?

व्याजाचा दर हा अशा रीतीनें रोकड बाळगण्याचा खर्च होय. दर चढला कीं लोक रोकड कमी बाळगतात व ठेवींत घालतात. उतरला कीं पेटींत राहूं देतात. परंतु शेतकरी व कोळी यांच्या बाबतींत दरापेक्षां हंगामाचा जोर फार मोठा असतो, आणि ग्रंथांतून ही गोष्ट पुरेशी ठसविलेली नसते.

दांड्याचें वर्ष पाहा. अलीकडील वर्षांत सरकारी हुकुमानें १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मिळकत नाहीं, आणि नेमका खर्च तेव्हांच असतो. होडीची डागडुजी व रंग, इंजिनाची दुरुस्ती, जाळ्यांची जुळवाजुळव, मुलांच्या शाळेची वर्षारंभींची फी, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुनः दर्यावर जावयाचें म्हणून डिझेल, बर्फ व खलाशांची उचल. एका घरास नव्हे, आळींतल्या सर्वच घरांस एकाच पंधरवड्यांत पैसा लागतो. शेजाऱ्याकडे मागावें तर तोही मागावयासच निघालेला! पुढें आश्विन-कार्तिकांत मासळी लागली म्हणजे सर्वांच्याच हातीं एकदम पैसा येतो, व तेव्हां तो कोणास कर्जाऊ नको असतो.

आतां क्षणभर अशी कल्पना करूं कीं, दांड्याभोंवतीं भिंत आहे व गांवचा पैसा गांवांतच फिरतो. अशा गांवांत आषाढांत व्याजाचा दर कोठें जाईल? ज्या एका-दोघांजवळ शिल्लक असेल ते मागतील तो दर. आणि मार्गशीर्षांत? ठेव घेण्यास कोणी पुढें येणार नाहीं. लहान अर्थव्यवस्थेची मूळ अडचण हीच कीं, तींतील सर्वांची विहीर एक व तहानेची वेळही एक. भाताच्या गांवांत ज्येष्ठांत, उसाच्या गांवांत लागणीच्या वेळीं, हाच प्रकार होतो. सावकाराचा दर जबर असे तो केवळ त्याच्या लोभामुळें नव्हे; भिंतीच्या आंत दुसरा पैसाच नसे, हेंही त्याचें कारण होतें. लोभ नव्हता असें मात्र आमचें म्हणणें नाहीं.

यावर उपाय भिंत पाडण्याचा. दांड्याच्या कोळ्यास आषाढांत पैसा लागतो, तेव्हां कापसाच्या व्यापाऱ्याचा पैसा मोकळा असतो. कापसाच्या व्यापाऱ्यास मार्गशीर्षांत लागतो, तेव्हां कोळ्याची ठेव बँकेंत पडलेली असते. दोघे एका मोठ्या तळ्याशीं जोडले गेले कीं दोघांचाही दर उतरतो. निरनिराळ्या हंगामांच्या लोकांस एकत्र बांधणें हें बँकेचें खरें काम होय. ज्या पतपेढीचे सर्व सभासद एकाच धंद्यांतले असतात तिला तें करितां येत नाहीं. कर्जाचे अर्ज व ठेवी काढून घेण्याच्या चिठ्या तिच्याकडे एकाच दिवशीं येतात. मग वरच्या बँकेचा आधार नसेल तर तिचा कारभार कितीही चोख असो, ती अडते.

हें तळें तरी नेहमीं भरलेलें असे असें नाहीं. रिझर्व्ह बँक स्थापन होण्यापूर्वीं मुंबईच्या नाणेबाजारासच हंगामाचा ताप भरत असे. कापूस व गळिताचा माल बाजारांत येऊं लागला कीं कार्तिकापासून पुढें कित्येक महिने रुपयांचा ओघ मुंबईहून खानदेश-वऱ्हाडाकडे लागे, पेढ्यांच्या तिजोऱ्या रित्या होत, आणि व्याज चढे. पावसाळ्यांत रुपये परत येत व दर खालीं येई. केन्सनें १९१३ सालीं हिंदुस्थानच्या चलनावर लिहिलेल्या पुस्तकांत याची चर्चा आहे. इलाखा बँकांचा दर पावसाळ्यांत शेंकडा तीनांपर्यंत उतरावा व हिवाळ्यांत सात-आठांवर जावा, हें त्या काळीं नित्याचें होतें. म्हणजे शेतकऱ्याचा माल बाजारांत यावयाचा त्याच वेळीं तो विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा पैसा महाग होई. व्यापारी तें व्याज मालाच्या भावांतून कापून घेई. कर्ज न काढणारा शेतकरीसुद्धां अशा रीतीनें व्याज भरीत असे, फक्त त्यास तें दिसत नसे.

१ एप्रिल १९३५ रोजीं रिझर्व्ह बँकेचें काम सुरू झालें. हंगामांत चलन वाढवावें व हंगाम सरतां तें आंखडून घ्यावें, ही सोय मध्यवर्ती बँकेमुळें झाली, व हिवाळ्याचा तो ताप पुष्कळ उतरला. १९३५ च्या नोव्हेंबरांत बँकेचा दर शेंकडा तीन झाला, तो थेट १९५१ च्या नोव्हेंबरापर्यंत तीनच राहिला. सोळा वर्षें दर हलला नाहीं म्हणजे रुपया स्थिर होता, असें समजूं नये. मध्यंतरीं महायुद्ध झालें. युद्धारंभीं चलनांतील नोटा दोनशें कोटी रुपयांच्या आंत होत्या, त्या युद्ध संपण्याच्या सुमारास अकराशें कोटींच्या वर गेल्या, व भाव कडाडले. ज्यानें १९३९ सालीं शंभर रुपये कर्जाऊ घेतले त्यानें तें १९४५ सालीं फारच थोडें धान्य विकून फेडलें. ज्यानें शंभर रुपये ठेवीले तो नागवला. व्याजाचा दर तोच, पण पैशाची किंमत पार बदललेली. म्हणून कर्ज स्वस्त कीं महाग, हें केवळ दराच्या आंकड्यावरून ठरत नाहीं. दरांतून भाववाढ वजा करून जें उरेल तें खरें व्याज. आणि शेतकऱ्यानें वजा करावयाची भाववाढ ही त्याच्या स्वतःच्या मालाची, वर्तमानपत्रांतील सरासरीची नव्हे.

भिंत पाडण्याचा लाभ असा मोठा आहे. पण त्याची किंमत काय, तें पाहिलें पाहिजे. तळ्याशीं जोडलें गेलेलें गांव आपला दर आपण ठरविण्याचें सोडतें. याचें सर्वांत चांगलें उदाहरण आपल्या शेजारीं गोव्यांत घडलें. पोर्तुगीज सरकारानें १८७८ सालीं इंग्रजांशीं तह केला. त्या तहान्वयें गोव्याचें नाणें इंग्रजी हिंदुस्थानच्या रुपयाच्या तोडीचें झालें, आणि १८८१ पासून गोव्याचे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळींत पडूं लागले. सोळा टांगांचा एक रुपया. नाण्यावर पोर्तुगालच्या राजाचें मुख, वजन व कस मात्र कलकत्त्याचा. तह १८९२ सालीं संपला, पण रुपयाचा संबंध सुटला नाहीं, सुटणार कसा? गोव्याची कित्येक माणसें पोटासाठीं मुंबईंत, त्यांचा पैसा घरीं यावयाचा तो मुंबईहून, व्यापारही इकडचाच. पुढें १९५८ सालीं रुपया काढून एक रुपयास सहा या हिशेबानें एस्कुदो चालू करण्यांत आला. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाल्यावर तोही गेला.

यांतला सिद्धांत थोडक्यांत असा. कोणत्याही मुलुखास तीन गोष्टी एकदम हव्याशा वाटतात. शेजाऱ्याच्या नाण्याशीं आपल्या नाण्याचा ठरीव भाव, पैशाची सरहद्दीपलीकडे मोकळी येजा, आणि आपल्या गरजेप्रमाणें व्याजाचा दर. तिहींपैकीं दोनच एका वेळीं मिळतात. नाण्याचा भाव ठरीव व पैशाची वाट मोकळी असतां एखाद्यानें आपला दर शेजाऱ्याहून खालीं ठेविला, तर पैसा रातोरात सरहद्दीपलीकडे जातो. वर ठेविला तर तिकडून येऊन दर खालीं ओढतो. गोव्याच्या वांट्यास पहिल्या दोन गोष्टी आल्या होत्या, तिसरी नव्हती. खारदांडा तर नांवाप्रमाणें मुंबईचाच दांडा आहे. तेथील रुपया तोच मुंबईचा रुपया, आणि व्याज ठरविणारी पतधोरण समिति मुंबईंतच बसते. परंतु त्या समितीपुढें सबंध देश असतो. दांड्याचा आषाढ तिला दिसावा अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

तिसऱ्या गोष्टीचा विचार सोडला तरी पहिलीची किंमत शेतकऱ्यानें पूर्वीं एकदां चांगलीच भरली आहे. १९२७ च्या कायद्यानें रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग सहा पेन्स अशी कायम करण्यांत आली. पूर्वीं पुष्कळ वर्षें ती एक शिलिंग चार पेन्स होती. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या मंडळांत बसून भिन्न मत नोंदविलें व जुनाच दर राखण्याचा आग्रह धरिला. दोन पेन्सांनीं एवढें काय झालें, असें वाटेल. जुन्या दरानें विलायतेंत एक पौंडास विकलेल्या मालाचे १५ रुपये येत. नव्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पै येऊं लागले. म्हणजे निर्गत मालाच्या भावांतला नववा हिस्सा गेला. सावकाराचें कर्ज, सरकारचा सारा व व्याजाचा दर हे तसेच. पुढें १९२९ पासून जगांत मंदी येऊन शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हां कर्जाचा बोजा असह्य झाला, आणि १९३९ सालीं मुंबई सरकारास शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२३ सालींच आपल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथांत सांगितलें होतें कीं, हुंडणावळ स्थिर राखण्यापेक्षां रुपयाची देशांतील क्रयशक्ति स्थिर राखणें अगत्याचें आहे. त्या म्हणण्याचें मर्म ज्याचा माल विकावयाचा व कर्ज फेडावयाचें असतें त्यास लवकर कळतें.

आजची व्यवस्था याच तत्त्वाच्या जवळ आलेली आहे. २०१६ सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन भाववाढ चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडे-तिकडे, राखण्याचें काम तिच्याकडे सोंपविण्यांत आलें, आणि त्यासाठीं सहा जणांची पतधोरण समिति नेमण्यांत आली. बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दरानें अल्पकाळ पैसा उचलतात तो रेपो दर. तो मे २०२२ पर्यंत ४ टक्के होता. भाववाढ रोखण्यासाठीं चढवीत चढवीत फेब्रुवारी २०२३ मध्यें ६.५० करण्यांत आला, तेथें दोन वर्षें राहिला, व फेब्रुवारी २०२५ पासून उतरत त्याच वर्षाच्या जूनमध्यें ५.५० वर आला. भाववाढींत अन्नधान्य व भाजीपाला यांचा वांटा मोठा असल्यामुळें, कांदा महागला तरी व्याज चढविण्याची वेळ येते. व्याज चढविल्यानें कांद्यावर पाऊस पडत नाहीं, हें आम्हांस कळतें तसें समितीसही कळत असावें. पण महागाई टिकेल अशी लोकांची खात्री पटूं नये म्हणून ती तसें करिते. उलट डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्गतच बंद करण्यांत आली होती. भाव पाडण्याची ती रीत व्याजाच्या रीतीहून शेतकऱ्यास कितीतरी जाचक असते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग रेपो हलला तरी सोसायटीचा दर कां हलत नाहीं? शेतकऱ्यास ही व्यवस्था पाटाच्या पाण्यावरून चटकन् कळेल. धरणांतून पाणी किती सोडावयाचें तें एका ठिकाणीं ठरतें. पण शेवटच्या शेतापर्यंत तें किती व कधीं पोंचावें, हें मधल्या दारांवर अवलंबून असतें. शहरांतील घरकर्ज हें मुख्य पाटावरचें शेत. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचीं नवीं बदलत्या दराचीं घरकर्जें रेपोसारख्या बाहेरच्या दराशीं बांधलेलीं आहेत, म्हणून तेथें पाणी लगेच हलतें. आपलें पीककर्ज नाबार्ड, राज्य सहकारी बँक, जिल्हा बँक व विकास सोसायटी अशा दारांतून येतें. शिवाय अल्पमुदतीच्या पीककर्जाचा दर रेपोवर ठरत नाहीं. तो केंद्र सरकारनें व्याजांत सवलत देऊन ७ टक्के ठरविलेला आहे, आणि मुदतींत फेडणाऱ्यास ३ टक्के आणखी सूट मिळून तो ४ पडतो. महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवच्या योजनेखालीं राज्याचीही सवलत मिळून ३ लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडल्यास व्याज शून्यावर येतें. हा दर बाजाराचा नव्हे, सरकारचा. तो रेपोबरोबर चढत नाहीं व उतरतही नाहीं. ट्रॅक्टर, विहीर, कोंबड्यांची शेड यांच्या मुदतीच्या कर्जावर मात्र रेपोचा परिणाम उशिरानें कां होईना होतोच, आणि माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या व्याजावर तर होतोच होतो.

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत मच्छीमारांसही लागू करण्याचें ठरलें. तरीही ज्याच्या नांवावर नौकेचे कागद नाहींत, किंवा जी भगिनी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकते, तिच्यापर्यंत पाटाचें पाणी पोंचतेंच असें नाहीं. तिला खासगी उसनवारीवर चालवावें लागतें. दरमहा शेंकडा तीन हा दर ऐकावयास लहान. वर्षाचा तो ३६ होतो, आणि व्याजावर व्याज धरलें तर ४२ च्या वर जातो. जिचा दर छत्तीस आहे तिला रेपो एका टक्क्यानें उतरल्याचें सुख तें काय!

याहूनही फसवा प्रकार बिनव्याजी उचलीचा. व्यापारी हंगामापूर्वीं एक लाख रुपये देतो, व्याज घेत नाहीं, अट एवढीच कीं मासळी त्यालाच द्यावी. समजा, बाजाराहून किलोमागें तीन रुपये कमी भाव मिळाला व दहा महिन्यांत आठ हजार किलो मासळी दिली. चोवीस हजार रुपये गेले. म्हणजे दरसाल दरशेंकडा २८.८० व्याज झालें. आडत्याकडून उचल घेऊन कांदा किंवा मिरची त्याच्याच गाळ्यावर घालणाऱ्या शेतकऱ्यानें हाच हिशेब एकदां पाटीवर मांडून पाहावा.

पैशाची मागणी व पैशाचा भाव हीं किती दूर जाऊं शकतात, तें २०१६ सालीं सर्वांनीं पाहिलें. ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील नोटांच्या किंमतीपैकीं सुमारें ८६ टक्के किंमत त्यांत होती. खरिपाचा माल बाजारांत व रब्बीची पेरणी शेतांत, अशा वेळीं हें घडलें. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांस जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली, म्हणजे शेवटचें दार बंदच झालें. मासळीबाजार व भाजीबाजार हे रोकडीचे बाजार. तेथें गिऱ्हाईक होतें, माल होता, देवघेवीचें साधन नव्हतें. आणि याच वेळीं शहरांतील मोठ्या बँकांत ठेवींचा पूर लोटल्यामुळें व्याजाचे दर उतरले. १ जानेवारी २०१७ पासून स्टेट बँकेनें आपला कर्जाचा पायाभूत दर ०.९० टक्क्यानें कमी केला. मुख्य पाट तुडुंब, शेवटचें शेत कोरडें! व्याज उतरलें म्हणून पैसा सुलभ झाला असें जो म्हणेल त्यास हे दोन महिने दाखवावे. पुढें रद्द नोटांपैकीं ९९ टक्क्यांहून अधिक परत आल्याचें रिझर्व्ह बँकेच्या अहवालांतच आहे.

तेव्हां लहान गांवाच्या हातीं कांहींच नाहीं काय? दर नाहीं, हें उघड आहे. परंतु पैशाची गरज कोणत्या महिन्यांत पडावी व फेड कोणत्या महिन्यांत व्हावी, हें पुष्कळ अंशीं गांवाच्या व सोसायटीच्या हातीं आहे.

गरज पुढें ढकलण्याचें साधन म्हणजे शेतमाल तारण योजना. राज्य कृषि पणन मंडळ ती १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालवीत आहे. समजा, १०० क्विंटल भात २,००० रुपयांच्या भावानें दोन लाखांचें झालें. तें गुदामांत ठेवून पाऊण किंमत, म्हणजे दीड लाख, सहा टक्क्यांनीं सहा महिने उचलली, तर व्याज ४,५०० रुपये, क्विंटलमागें ४५. सुगीनंतर भाव पंचेचाळीस रुपये व थोडीशी घटतूट यांहून अधिक चढेल असा अंदाज असेल तर माल ठेवावा, नसेल तर विकून मोकळें व्हावें. दर वर्षीं ठेवलाच पाहिजे असें नाहीं. कोळी मंडळींस ही सोय सुक्या बोंबलाच्या बाबतींत उपयोगी पडण्यासारखी आहे. ओल्या मासळीस शीतगृहावांचून ती नाहीं.

फेडीच्या महिन्यांकडे मात्र आमच्या सोसायट्यांचें लक्ष फार थोडें आहे. शहरी रीतीच्या कर्जांत बारा महिन्यांचे बारा सारखे हप्ते असतात. पगारदारास तें ठीक. दांड्यांतील एखाद्यानें २,४०,००० रुपये घेतले व मुद्दलाचा हप्ता दरमहा २०,००० ठरला असें समजूं. जून व जुलैचे दोन हप्ते बंदीच्या महिन्यांत येतात. ते चुकवूं नयेत म्हणून त्यानें शेंकडा तीननें बाहेरून उसने घेतले व सप्टेंबरच्या आरंभीं मासळी लागल्यावर फेडले, तर जूनच्या रकमेवर तीन महिन्यांचे १,८०० व जुलैच्या रकमेवर दोन महिन्यांचे १,२०० असे ३,००० रुपये ज्यादा पडले. वर्षांत त्याच्या अंगावर सरासरीनें १,३०,००० कर्ज होतें. त्या मानानें हे तीन हजार म्हणजे सुमारें २.३१ टक्के व्याज वाढल्यासारखेंच झालें. रिझर्व्ह बँकेनें मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ पर्यंत सबंध देशाचा दर २.५० टक्क्यांनीं चढविला, तेवढ्यानें सगळीकडे केवढी चर्चा झाली! येथें जवळ जवळ तितकीच वाढ केवळ चुकीच्या महिन्यामुळें झाली आहे, आणि ती टाळण्यास कोणत्याही समितीच्या बैठकीची जरूरी नाहीं. ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत २४,००० चे दहा हप्ते पाडून घेतले कीं काम झालें. भात व नाचणी पिकविणाऱ्यानें आपला हप्ता पौषांत, आंबेवाल्यानें ज्येष्ठांत, व भाजीवाल्यानें थोडा थोडा वर्षभर मागावा. कर्जरोख्यावर सही होण्यापूर्वीं ही मागणी लेखी अर्जांत घालावी. सही झाल्यावर ती मान्य होणें कठीण जातें.